शून्याचा मोह

किको मार्तिनेझचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : अहो, तो तर दहा-दहा वेळा हरलेला माणूस! नोंदीत पराभवाच्या रकान्यात शून्य असेल तोच खरा मुष्टियोद्धा, हा समज आजच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फार खोलवर मुरला आहे. मला तो साफ चुकीचा वाटतो आणि या खेळाला घातकही.

स्पेनच्या अलिकांते प्रांतातल्या एल्चे गावचा हा बॉक्सर 1986 साली जन्मला. नोव्हेंबर 2021 मध्ये तो दुसऱ्यांदा जगज्जेता झाला, तोवर त्याच्या नावावर दहा पराभव होते. टीकाकार इथवर मोजतात आणि थांबतात. त्यांनी पुढचा प्रश्नही विचारावा : हे पराभव कुठे झाले आणि कुणाकडून? दहापैकी एकही लढत स्पेनमध्ये झालेली नव्हती. इंग्लंड, बेलफास्ट, दक्षिण आफ्रिका, अमेरिका अशा परमुलखात, बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याच्याच प्रेक्षकांसमोर तो हरला. त्याला हरवणारे आठ जण. त्यांतल्या सहा जणांनी कधी ना कधी जागतिक किताब जिंकला : कार्ल फ्रॅम्प्टन, स्कॉट क्विग, लिओ सांता क्रूझ, गॅरी रसेल, जॉश वॉरिंग्टन आणि ताकालानी न्दलोवू. हा हिशेब मांडल्यावर दहाचा आकडा कमीपणाचा उरत नाही.

उलट शून्य कसं जपलं जातं, तेही पाहू. प्रमोटर एखादा होतकरू तरुण हेरतो आणि त्याच्यासमोर बेताचे प्रतिस्पर्धी उभे करतो. ते आठवडाभर आधी बोलावलेले, मानधनासाठी आलेले, हरण्याची सवय झालेले असतात. अशा पंधरा-वीस लढती झाल्या की जाहिरातीवर ‘अपराजित’ छापता येतं आणि टीव्हीवाले पैसे मोजतात. मार्तिनेझला ही चैन परवडणारी नव्हती. स्पेनमध्ये बॉक्सिंगला पैसा थोडा आणि प्रतिष्ठा त्याहून थोडी. ‘एल पाईस’सारख्या मोठ्या दैनिकाच्या शैलीपुस्तिकेने कित्येक वर्षं बॉक्सिंगच्या लढतींच्या बातम्याच वर्ज्य ठरवल्या होत्या. अशा देशातल्या बॉक्सरला किताब हवा असेल तर बॅग भरून दुसऱ्याच्या गावी जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

तो गेलाही. ऑगस्ट 2007 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो डब्लिनला बर्नार्ड डनसमोर उभा राहिला. डन तेव्हा अपराजित युरोपीय विजेता होता, सारं सभागृह त्याचं होतं. 86 सेकंदांत लढत संपली. (याच डनने पुढे 2009 मध्ये जागतिक किताब जिंकला, शून्य गेल्याने त्याचंही काही संपलं नाही.) 2013 मध्ये अटलांटिक सिटीत होनातान रोमेरोला हरवून मार्तिनेझने सुपर बँटमवेट गटाचा आयबीएफ किताब घेतला. रोमेरोही तोवर अपराजितच होता. पुढच्या वर्षी ओसाकाला जाऊन, होझुमी हासेगावाच्या देशात, त्याने तो किताब राखला.

‘एखादा ठोसा नशिबाने लागतो’ हा दुसरा आक्षेप. त्याला नोव्हेंबर 2021 ची शेफील्डची लढत, जिच्यात मार्तिनेझ दुसऱ्यांदा जगज्जेता झाला, पुरेसं उत्तर देते. तेव्हाचा विजेता गलाहाद घरच्या गावात किताब राखायला उतरला होता आणि पाच फेऱ्या जवळपास त्याच्याच होत्या. मार्तिनेझ बुटका. लांबून खेळला तर त्याचा निभाव लागत नाही. म्हणून हनुवटी छातीशी घेऊन तो आत घुसत राहतो, मार खातो आणि उजवा हात खांद्यावरून फेकतो. पाचव्या फेरीच्या अगदी शेवटी तो हात बसला. गलाहाद पडला, उठला आणि घंटेने वाचला. सहावी फेरी सुरू होताच पुन्हा तोच हात, तिथेच. गलाहाद पाठीवर कोसळला, पंचांनी लढत थांबवली. लागोपाठ दोनदा तीच जागा सापडते, ती वर्षानुवर्षांच्या सरावाने.

तिसरा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. पराभव सोसत लढत राहणाऱ्याचं कौतुक म्हणजे मेंदूला बसणाऱ्या माराचं कौतुक, असं काही जण म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. सांता क्रूझने 2016 मध्ये पहिल्याच फेरीत मार्तिनेझला दोनदा पाडलं, तरी तो पाचव्या फेरीपर्यंत पुढेच येत राहिला. ते पाहताना माझाही जीव टांगणीला लागतो. पण शून्याची पूजा हा धोका कमी करत नाही. ज्यांच्या जिवावर ती शून्यं उभी राहतात, त्या मानधनी बॉक्सरांच्या डोक्यावर ती तो ढकलते, आणि त्यांची नावं कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. ज्यांना खेळाडूच्या आरोग्याची चाड आहे, त्यांनी पंचांनी लढत वेळेत थांबवावी, वैद्यकीय तपासणी कडक व्हावी, नॉकआउटनंतर सक्तीची विश्रांती मिळावी, यासाठी भांडावं. मी त्यांच्यासोबत आहे.

मार्तिनेझ त्याच्या काळातला सर्वश्रेष्ठ होता, असा माझा दावा नाही. फ्रॅम्प्टन त्याच्याहून सरस होता आणि त्याने ते दोनदा सिद्ध केलं. माझं म्हणणं एवढंच, की बॉक्सरची किंमत ठरवताना त्याने समोर कुणाला घेतलं आणि कुठे जाऊन घेतलं, हे आधी पाहावं. मार्च 2022 मध्ये लीड्सला वॉरिंग्टनने त्याला सातव्या फेरीत थांबवलं, किताब गेला. तो तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि लंडनमध्ये जॉर्डन गिलला चौथ्या फेरीत हरवून युरोपीय किताब घेऊन परतला.