कंदील आणि गटार

वाचकहो, दवाखान्यात सुई टोचणारी, रात्री उठून सलाईन बघणारी सिस्टर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या कामाचा इतिहास सांगणारे एक लहानसे संग्रहालय लंडन शहरात आहे. आपल्यातली किती मंडळी तिथवर जाणार? म्हणून आज ओसरीवर बसल्या बसल्याच तुम्हांला ते दाखवून आणतो.

थेम्स नदीच्या काठी, पार्लमेंटच्या समोरच्या तीरावर सेंट थॉमस नावाचे जुने इस्पितळ आहे. त्याच्याच आवारात हे संग्रहालय १९८९ साली उघडले. नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे. १८६० साली याच इस्पितळात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. त्याआधी हे काम हलके समजत. चांगल्या घरच्या मुलीने त्यात पडणे म्हणजे घराण्याला बट्टा!

पोराबाळांना आवडेल अशी इथली वस्तू म्हणजे पेंढा भरून ठेवलेले एक इवलेसे घुबड. १८५० साली अथेन्सला बाईंनी ते पिल्लू पोरांच्या तावडीतून सोडवले आणि मग खिशात घालून हिंडवले. आपल्या शिवारातल्या पिंगळ्याची ही चुलत भावकीच. पिंगळा ओरडला की आपण घरातल्या आजाऱ्याकडे बघतो, आणि या बाईंनी तो खिशात बाळगला.

पण लोक येतात ते कंदील बघायला. ‘हाती दिवा घेतलेली बाई’ म्हणून त्यांची कीर्ती. चित्रांत त्यांच्या हाती पणतीसारखा दिवा दाखवतात, तो चुकीचा. इथे ठेवला आहे तो तुर्की तऱ्हेचा, आकाशकंदिलासारखा घडी होणारा कंदील. आत मेणबत्ती लावायची.

या कंदिलापाशी जरा थांबा, कारण खरी गोष्ट इथून पुढे आहे. क्रिमियाच्या लढाईत इंग्रजांचे जखमी शिपाई तुर्कस्तानात स्कुटारी येथल्या बराकीत आणून टाकत. नोव्हेंबर १८५४ मध्ये बाई ३८ परिचारिका घेऊन तिथे पोचल्या. कपडे धुतले, अन्न नीट केले, रात्ररात्र फेऱ्या घातल्या. तरीही माणसे पटापट मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर आजाऱ्यांमागे बेचाळीस दगावले. सेवेत कसूर नव्हती, मग मरण कुठून येत होते?

बराकीखालून. खाली गटारे तुंबलेली होती, पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सडत होता. मार्चमध्ये विलायतेहून आरोग्य कमिशन आले. त्याने गटारे धुऊन काढली, मेलेली जनावरे उपसली, भिंतींना चुना दिला, हवेला वाट केली. जूनमध्ये मरणारे शंभरात दोनवर आले. शिपाई गोळीने कमी आणि हगवण, पटकी, तापानेच जास्त गेले, हे बाईंनी घरी परतल्यावर आकडे मांडून सिद्ध केले. १८५८ साली त्यांनी त्याचा पाकळ्यापाकळ्यांचा तक्ता काढला. टाळता आली असती अशी मरणे निळ्या रंगात, जखमांची लाल रंगात. निळ्या पाकळ्यांपुढे लाल अगदी चिमुकल्या दिसतात. मला विचाराल तर कंदिलापेक्षा हा तक्ताच डोक्यावर घेऊन नाचावा असा आहे.

इथून आपला संबंध येतो. बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. पण इथल्या गोऱ्या पलटणींच्या आरोग्याची चौकशी १८५९ पासून सुरू झाली, तेव्हा त्यांनी छावणीछावणीला प्रश्नांचे छापील कागद धाडून पाणी, मोऱ्या, बराकी यांची माहिती गोळा केली. छावणी झाडून भागत नाही, भोवतालचे गाव घाण असेल तर रोग आत येणारच, हे त्यांनी ताडले. तेव्हापासून त्यांचे लक्ष शिपायावरून रयतेकडे वळले. १८७८ साली, दुष्काळाने गावे ओस पडत असताना, त्यांनी रयत आणि सावकार यांवर विलायतेत लेख लिहून सरकारला जाब विचारला. मुंबई इलाख्यात १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, त्याच्या पाठीही त्या लागल्या होत्या. पुढे तर त्यांनी अशी मागणी केली, की गावाकडून वसूल होणाऱ्या पट्टीतून पहिला खर्च त्याच गावाच्या सफाईवर व्हावा. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि बरीच वर्षे प्रकृतीमुळे खोलीतूनच सारे काम चालले होते.

मायबहिणींनो, १८५९ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले, ते परिचारिकांसाठी नव्हे, घरच्या आजाऱ्याचे करणाऱ्या तुमच्यासारख्या बायांसाठी. खिडकी उघडी ठेवा, ऊन आत येऊ द्या, हात वरचेवर धुवा, हे त्यात आहेच. पण एक गोष्ट वाचून मी थबकलो. आजाऱ्याच्या दाराबाहेर उभे राहून त्याच्याविषयी कुजबुजू नका, असे त्या बजावतात. त्याला शब्द कळत नाहीत, पण कान तिकडेच लागतात, आणि रात्रभर त्याचा जीव टांगणीला राहतो.