फुकट तपासणीची किंमत

भातसानगरच्या धरणाचे पाणी मुंबईला जाते. महानगराच्या रोजच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसेचा असतो आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पाण्याच्या वाटेने माणसेही जातात, याकडे तितके लक्ष गेलेले नाही. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आसनगाव, आटगाव, कसारा येथून तरुण पहाटेची लोकल पकडतात, मुरबाडचे औद्योगिक क्षेत्र बाहेरगावच्या कामगारांना ओढून घेते आणि मुंबई-नाशिक महामार्गावर मालमोटारींची रीघ रात्रंदिवस चालू असते. पोटासाठी घरापासून दूर राहणे ज्या व्यवस्थेने अटळ केले, त्या व्यवस्थेत एचआयव्हीचा प्रश्न केवळ व्यक्तीच्या वर्तनाचा राहत नाही. याचा अर्थ अमुक जमातीत हा रोग अधिक आहे असा मुळीच नव्हे. तसे सुचविणे हा अन्याय होईल. अर्थ एवढाच की, ज्याला आपली प्रकृती तपासून घेण्याची सवड सर्वांत कमी, त्याच्यापर्यंत ही तपासणी सर्वांत शेवटी पोचते.

भारतात या विषाणूची लागण प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळली. त्या काळी निदान म्हणजे मृत्यूचे वॉरंटच समजले जाई, आणि म्हणून ‘कळून तरी काय उपयोग?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. आता आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ पासून तर निदान होताच, रोगाची अवस्था न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. बहुतेक रुग्णांना आज दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू दबून राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचाराविना बाधित मातेकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ असते. वेळेवर उपचार झाल्यास ते पाचाच्या खाली येते. आणि तरीही देशातील सुमारे २५ लाख बाधितांपैकी, राष्ट्रीय अंदाजानुसार, दर पाचांतील जवळपास एकाला आपली लागण ठाऊकच नाही. बाधितांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे.

तपासणीची सोय नाही असे म्हणता येणार नाही. राज्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे चालतात. तेथे डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही व पैसेही पडत नाहीत. समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो, मगच रक्त घेतले जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील पहिल्या चाचणीत संशय आला तर खात्रीसाठी मोठ्या केंद्रात पाठवितात. तीन निरनिराळ्या चाचण्यांनी दुजोरा मिळाल्याखेरीज कोणालाही बाधित ठरवीत नाहीत. जोखमीचा प्रसंग नुकताच घडला असेल तर पहिल्या निकालावर विसंबू नये, तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

परंतु अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थीही सांगेल की, जे फुकट मिळते त्यालाही किंमत असते. पाड्यावरून तालुक्याला जायचे म्हणजे एक रोज बुडाला, वर एस.टी.चे किंवा जीपचे भाडे आले. केंद्राची वेळ तीच मजुराच्या कामाची वेळ. सरकारी दप्तरात या खर्चाला रकाना नाही. मग ताप, खोकला, झडत चाललेले अंग घेऊन माणूस वर्ष-वर्ष काढतो, क्षय झाला की दवाखान्यात जातो आणि तेव्हा निदान होते. तोवर दागिना मोडलेला असतो, मुकादमाची उचल दुप्पट झालेली असते. क्षयरुग्णांची एचआयव्ही तपासणी करण्याचा नियम योग्यच आहे. पण तेथवर पोचेपर्यंत थांबावे लागणे हेच मुळात महाग पडते.

दुसरी किंमत भयाची. ‘रिपोर्ट कळला तर काम जाईल’ ही धास्ती निराधार नाही. एका सार्वजनिक उद्योगातील हंगामी मजुराला केवळ लागण आहे म्हणून कामावरून वगळले, तेव्हा त्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून लढू दिले. ‘एम. एक्स. विरुद्ध झेड. वाय.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९७ च्या निकालात सांगितले गेले की, जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने रोजगार नाकारता येत नाही. देशात तसा कायदा व्हायला पुढे वीस वर्षे लागली. २०१७ च्या, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या, एचआयव्ही व एड्स कायद्याने संमतीवाचून तपासणीला मनाई केली, गुप्तता बंधनकारक केली आणि नोकरी देण्यासाठी तपासणीची अट घालणे बेकायदा ठरविले. हा कायदा किती मुकादमांना आणि किती कारखानदारांना माहीत आहे? कामगारांना तर तो कोणी सांगितलेलाच नाही.

सर्वांत जड किंमत मात्र स्त्री मोजते. गरोदरपणी तिची तपासणी होते, नवऱ्याची पुष्कळदा होतच नाही. त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट तिचा येतो आणि ज्याच्याकडून लागण आली तो बाजूला राहून ‘हिनेच रोग आणला’ असा निवाडा होतो. नवरा गेला तर घरातून आणि जमिनीच्या वाट्यातूनही तिला हुसकावणे सोपे जाते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये सुरू केले. लैंगिक आरोग्याविषयी उघड बोलण्याबद्दल त्यांना न्यायालयात खेचले गेले आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर इतका काळ लोटूनही या विषयावर घरात बोलणे पुरुषाला कमीपणाचे वाटते, आणि पुरोगामी म्हणविणारे पुरुषही यात फारसे निराळे नाहीत. गरोदर स्त्रीबरोबर नवऱ्याचीही तपासणी, त्याच्या संमतीने आणि त्याच दिवशी, हा आग्रह धरायला कोणाची परवानगी लागत नाही.

वस्तीत जाऊन प्राथमिक तपासणी करण्यास राष्ट्रीय धोरणाने वाव ठेवला आहे. तेव्हा मागणी नेमकी करावी: आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी उघडे राहणारे केंद्र, महामार्गावरील थांब्यांवर फिरते पथक, पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत समुपदेशकासह तंबू. मात्र मुकादमाने किंवा मालकाने रांगेत उभे करून रक्त घेण्याच्या शिबिराला कार्यकर्त्यांनी स्पष्ट विरोध केला पाहिजे. तेथे संमती नावापुरती उरते आणि निकाल आधी मालकाच्या कानी जातो. शिबिर पाड्यावर घ्यावे, आशा ताईंना बरोबर घेऊन घ्यावे, तपासणी मधुमेह, रक्तदाब, क्षय यांच्याबरोबर करावी, म्हणजे कोण कशासाठी आत गेला हे बाहेर कळत नाही. आणि ते वर्षातून दोनदा व्हावे: एकदा दिवाळीपूर्वी, उचल हातात पडून कुटुंबे भट्टीवर निघण्याआधी, आणि पुन्हा पावसाच्या तोंडावर ती परत आल्यावर. जो सापडेल त्याची गोळी भट्टीच्या गावी कोणत्या केंद्रातून मिळेल, हे निघण्याआधीच ठरलेले असावे.