तुम्हांला कामावर का घ्यावे?

डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरातील एखाद्या वाडीचा पदवीधर तरुण पहाटेच्या एस.टी.ने घोडेगाव, मंचर मागे टाकीत चाकणच्या कारखान्यात मुलाखतीसाठी जातो. तेथे त्याला विचारण्यात येते, "आम्ही तुम्हांलाच कामावर का घ्यावे?" स्वतःची थोरवी स्वतःच सांगणे ज्या घरात हलकेपणाचे मानतात, त्या घरातून आलेला हा तरुण खाली पाहतो, "मला कामाची फार गरज आहे" एवढेच पुटपुटतो आणि परत फिरतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील कार्यकर्त्यांना हे दृश्य नवे नाही. धिटाई कमी पडली, एवढाच त्याचा अर्थ लावून आपण मोकळे होता कामा नये.

या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. काम ही देणाऱ्याची मेहेरबानी आहे आणि तिला आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर आहे, हे ते गृहीत. याच महाराष्ट्राने ते एकदा उलटे करून दाखविले होते. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे जो प्रयोग झाला, त्यातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड पटविली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातील नोकरदारांनी व्यवसाय कर भरला. मजुराने नमुना ४ भरून काम मागावयाचे, आणि पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर सरकारने बेकारभत्ता द्यावयाचा. 'तुला का घ्यावे?' असे विचारण्याची सोयच या कायद्यात नव्हती. उलट 'काम का दिले नाही?' याचे उत्तर देणे सरकारवर बंधनकारक होते. अंमलबजावणीत खोटी हजेरीपत्रके आली, मजुरी रखडली, हे खरे. पण त्यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही.

तोंडी परीक्षेतील पक्षपाताची दखल न्यायालयानेही घेतली आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एकतृतीयांश गुण ठेवणे मनमानीचे ठरविले. २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. खाजगी कारखान्यांच्या दारात मात्र यांपैकी काहीच पोहोचलेले नाही.

तत्त्वाची लढाई चालू ठेवावयाचीच आहे. परंतु उद्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला तत्त्वाने पोट भरता येत नाही. त्याला काय सांगावयाचे? त्याला सांगावे की, गरज हे तुझे उत्तर नव्हे. तुझे काम हे तुझे उत्तर आहे. या डोंगरात पडकईची चाल आहे. दहा घरची माणसे एकत्र येऊन आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या उतारावर भातखाचरे पाडतात. पाण्याची ओढ ओळखून ताल रचणे, भर पावसात लावणी वेळेवर उरकणे, दहा जणांच्या हाताला हात लावून काम तडीस नेणे, हे ज्याने लहानपणापासून केले, त्याला नियोजन आणि सहकार्य हे शब्द पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. ते त्याने साध्या मराठीत, मान वर करून सांगावे. त्यानंतर नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, पाळी किती तासांची, भविष्यनिर्वाह निधी कापला जाईल की नाही, हे त्यानेही विचारावे. मुलाखत दोन्ही बाजूंची असते.

यासाठी घोडेगावला आणि जुन्नरला रविवारी दोन तासांचे वर्ग चालविणे आपल्याला अशक्य नाही. कार्यकर्त्याने मालक व्हावे, मुलांनी उत्तरे द्यावीत, चुकावे, पुन्हा द्यावीत. मुलींना अग्रक्रम द्यावा.

आणि एक गोष्ट त्या मुलांनी विसरू नये. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेले आणि तेथील शेते भिजली. आपली जमीन देताना या मुलांच्या आजोबांना 'तुमचीच का घ्यावी?' असे कोणी विचारले नव्हते. मग नातू काम मागावयास आला असता त्यानेच तेवढी मान का खाली घालावी?