मनाच्या इजेची नोंद कोठे?

शिशाची विषबाधा किंवा सिलिकोसिस झालेल्या कामगाराची खबर शासनाला देण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने व्यवस्थापकावर आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही घातले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही अशा २९ रोगांची यादी ठेवली आहे. मात्र अतिश्रम, अपमान व सततची धास्ती यांतून जडणारा एकही मनोविकार तीत नाही. ज्याची नोंद नाही, त्याचे उत्तरदायित्वही कोणावर नाही. औषधे आणि बुडालेला पगार यांचा भार मग मालकाच्या हिशेबातून सुटून कामगाराच्या कुटुंबावर पडतो.

आधाराची सोय मुळीच नाही, असे नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय उपचारांचा हक्क दिला. २०२२ पासून १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पण आधार म्हणजे दाद नव्हे. सल्ला घेतलेला कारकून दुसऱ्या दिवशी त्याच साहेबापुढे उभा राहतो.

दाद मागण्याची वाट अपरिचितही नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत समिती, तक्रारीची मुदत व गोपनीयता ठरवून दिली. जपानने २०१५ पासून पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत ताणाची वार्षिक तपासणी सक्तीची केली. तिचा निष्कर्ष कामगाराच्या संमतीवाचून मालकाला कळविता येत नाही. हीच तत्त्वे येथे का लागू होऊ नयेत? तोवर कर्मचाऱ्याने तारीखवार टिपण ठेवावे, तक्रार लेखी द्यावी, संघटनेला बरोबर घ्यावे. एकट्याचे गाऱ्हाणे त्याच्या स्वभावदोषात जमा होते. दहा जणांचे झाले, की कामाच्या पद्धतीचीच चौकशी करावी लागते.