चिखलणीच्या इंजिनावरही चाचणी घ्या

माननीय संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे
यांस,

इथेनॉल मिसळलेल्या डिझेलचा प्रयोग जमला नाही, आता आपल्या संस्थेत डिझेलमध्ये १० टक्के आयसोब्युटेनॉल या अल्कोहोलचं मिश्रण तपासलं जात आहे, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५मध्ये सांगितलं. या कामाचं मला मनापासून अप्रूप आहे. म्हणूनच विंझर या माझ्या गावाहून हे पत्र लिहितो आहे.

सिलिंडरमध्ये फवारलेल्या डिझेलच्या गाभ्यापर्यंत हवा नीट पोचत नाही, आणि काजळी तिथेच धरते. आयसोब्युटेनॉलच्या वजनात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास प्राणवायू असतो. तो इंधनाबरोबरच आत जातो, त्यामुळे काजळी घटते. पण याची खरी गरज कुणाला आहे? एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी असते. खाचरात चिखलणी करणारा जुना पॉवर टिलर, नदीवरचं पाणी उपसायचं इंजिन, आमच्याकडचा पाबे घाट चढणारी जुनी पिकअप यांना ती नाही. टिलरमागचा माणूस दिवसभर त्याच धुरात चालतो. हा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्येच दिला आहे.

तेव्हा चाचणी या इंजिनांवरही व्हावी, तीही पूर्ण भाराखाली. काजळी कमी झाली एवढंच सांगून भागणार नाही. नायट्रोजन ऑक्साइड वाढले का, अल्डिहाइड किती निघाले, तेही मोजा. आयसोब्युटेनॉल डिझेलइतक्या सहज पेट घेत नाही, मग पावसाळी गारठ्यात इंजिन पहिल्या हँडलला सुरू होईल का? त्यात ऊर्जा कमी, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये नांगरट थोडी कमीच होणार. जुनी रबरी सीलं टिकतील का? शिवाय त्याची वाफ २८ अंशांच्या आसपासही पेटू शकते आणि आमच्याकडे डिझेलचा कॅन पडवीत, चुलीपासून फार लांब नसतो.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आधी पंपावर आलं, जुन्या गाड्यांचं काय हा वाद नंतर पेटला. डिझेलच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. सगळे आकडे, गैरसोयीचे धरून, मराठीत जाहीर करा, आणि मिश्रण पंपावर येण्याआधी करा.

येत्या खरिपात, चिखलणी चालू असताना आपलं पथक इथे पाठवा. खाचर आणि टिलर आम्ही देऊ.

आपला,
विंझरचा एक भातउत्पादक शेतकरी