वेग पुरेसा, वाट एकेरी

प्रकाशतंतूद्वारे घरोघरी ब्रॉडबँड पोहोचविणाऱ्या तंत्रज्ञानांत श्रेष्ठ कोणते, याचे उत्तर सहसा वेगाच्या आकड्यांत शोधले जाते. ते आकडे खोटे नाहीत. २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ईपॉन’ पद्धतीत दर आठ बिटांसाठी दहा बिट धाडावे लागतात. म्हणजे सेकंदाला सव्वा गिगाबिटांपैकी एकच गिगाबिट हाती लागतो. ‘जीपॉन’ पद्धतीत हा अपव्यय बराच कमी असून ग्राहकाकडे येणारा वेग अडीच गिगाबिटांच्या घरात आहे. एका तंतूवर ३२ ग्राहक एकाच वेळी कार्यरत असले, तरी जीपॉन प्रत्येकाला सुमारे ७० मेगाबिट देते. ईपॉन जेमतेम ३०.

तथापि जळगाव-धुळ्यासारख्या प्रदेशात कार्यक्षमतेची कसोटी याहून वेगळी आहे. वाटेतल्या स्विचमधून ग्राहकाला स्वतंत्र जोडणी देणारे ‘ॲक्टिव्ह इथरनेट’ अधिक लवचीक खरे. पण त्या स्विचला वीज लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या आणि भारनियमनाचे चटके सोसलेल्या खान्देशात रस्त्याकडेच्या पेटीतील यंत्र हे दुखणेच ठरते. दोन्ही ‘पॉन’ पद्धतींत प्रकाशाची वाटणी विजेवाचून होते, हा त्यांचा मोठा गुण.

दोष आहे तो रचनेत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने प्रारंभी जीपॉनच निवडले. तालुक्याहून निघालेला तंतू झाडाच्या फांद्यांप्रमाणे ग्रामपंचायतींकडे जातो. रस्ता रुंदीकरणात वा जलवाहिनीच्या खोदकामात बुंध्यावरच घाव बसला, तर पुढील सर्व गावे एकदम अंधारात जातात. मग यावल-रावेरच्या केळी उत्पादकाला बाजारभाव कळत नाही आणि साक्री-शिरपूरच्या विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज सेवा केंद्रातच अडकतो. त्या घटकेला ७० मेगाबिट आणि ३० मेगाबिट यांत काडीचाही फरक उरत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटमध्ये वर्तुळाकार जोडणी स्वीकारली गेली, ती याच अनुभवातून. एक बाजू तुटली, तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. मात्र त्यासाठी ग्रामपंचायतीत राउटर हवा आणि राउटरला अखंड वीज हवी. टाळलेला विजेचा प्रश्न अशा रीतीने गावाच्या वेशीवर पुन्हा उभा राहतो. योजनेत राखीव विजेची आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. ती कागदावरून प्रत्यक्षात उतरते की नाही, यावरच सारे अवलंबून आहे.

तेव्हा शहरांत आणि गावांतर्गत झाडाची रचना, तालुका ते ग्रामपंचायत वर्तुळाची, हीच विभागणी खान्देशाला मानवणारी आहे. यशाचे माप मात्र घातलेल्या केबलच्या किलोमीटरांत नव्हे, तर प्रत्येक ग्रामपंचायतीत जोडणी महिन्याकाठी किती तास चालू राहिली, यात घेतले गेले पाहिजे.