ऑफिसला सांगितलं, आईला नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि जरा तिखटही आहे. राग आला तर खाली लिहा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

माझी लेक लॉस एंजेलिसला टीव्हीवरच्या एका गेम शोमध्ये पडद्यामागे काम करते. शोचं नाव सांगणार नाही. ती दोन वर्षांपासून एका मुलाला डेट करतेय. आम्हाला न्यू जर्सीत हे गेल्या महिन्यात कळलं. तिच्या ऑफिसला मात्र सुरुवातीपासून माहीत होतं, तिनंच लिहून दिलं होतं.

मी चिडले. परक्यांना सांगतेस आणि आईला नाही? ती म्हणाली, "आई, त्यांनी फक्त नाव विचारलं गं."

ऑफिसला का सांगावं लागतं, ते ऐका. १९५६ साली इथे 'ट्वेंटी-वन' नावाचा क्विझ शो जोरात होता. हर्ब स्टेम्पेल नावाचा साधासा माणूस जिंकत होता. निर्मात्यांना तो नकोसा झाला, म्हणून त्याला मुद्दाम हरायला लावलं. ऑस्कर मिळालेल्या 'मार्टी' सिनेमाचं नाव त्याला पक्कं माहीत होतं, तरी चुकीचं उत्तर द्यायला लागलं. जागा घेतली चार्ल्स व्हॅन डोरननं. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा, देखणा, वडील पुलित्झर मिळालेले कवी. आपल्या भाषेत 'चांगल्या घरातला मुलगा'. त्यानं १,२९,००० डॉलर जिंकले आणि १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केलं की उत्तरं आधीच मिळत होती. १९६० च्या कायद्यानं असा शो आधी ठरवून खेळवणं हा फेडरल गुन्हा झाला. म्हणून आज तिथे कोणाचं कोणाशी काय नातं, हे कागदावर यावं लागतं.

लेकीचं काम म्हणजे स्पर्धकांना सांभाळणं. सकाळी त्यांना आत घ्यायचं, फोन काढून ठेवायचे, घाबरलेल्याला पाणी द्यायचं, बाथरूमला गेला तरी सोबत जायचं, कारण वाटेत प्रश्न माहीत असलेलं कुणी भेटता कामा नये. तिला स्वतःलाही प्रश्न माहीत नसतात. 'जेपर्डी'सारख्या शोचे एका दिवसात पाच भाग शूट होतात आणि टीव्हीवर यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर कोण जिंकलं ते पोटात ठेवायचं. रात्री जेवताना तो विचारतो, "आज काय झालं?" आणि ती सांगते, "पाय दुखतायत."

आणि त्या मुलाला क्विझचं भयंकर वेड! दरवर्षी ऑनलाइन टेस्ट द्यायचा, एकदा ऑडिशनपर्यंत पोचला होता. पण कर्मचाऱ्यांच्या जवळच्या माणसांना भाग घेता येत नाही. हिच्याशी जमलं आणि त्यानं टेस्ट देणं सोडलं, न बोलता. मला आतापर्यंत तीन जणींनी विचारलंय, "मुलगा सीरियस आहे का गं?" पत्रिका बघून याहून जास्त काय कळणार होतं?

आता आपल्याकडे बघा. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मी सांगायची, "मीडियात आहे." आमच्या ह्यांनी बायोडेटात 'प्रॉडक्शन मॅनेजमेंट' लिहिलं. मॅनेजमेंट! पोरगी वॉकीटॉकी घेऊन बारा-बारा तास उभी असते, त्याची आम्हाला लाज. दोन सीझनच्या मधे पगार नसतो, त्याची काळजी मलाही आहे. पण काळजी वेगळी आणि रंग लावून माल खपवणं वेगळं.

एका काकूंनी तर प्रसादाच्या रांगेतच मला गाठलं. "आमच्या मुलाचं नाव पुढे सरकवायला सांग ना तिला." अहो काकू, तिथे स्पर्धकाला विचारतात, इथल्या कुणाला ओळखता का? त्यानं खरं सांगितलं तर तो बाद होऊ शकतो. लपवलं आणि उघडं पडलं तर बक्षीसही जाईल आणि माझ्या मुलीची नोकरीही. तुमच्या वशिल्यानं त्याचा रस्ताच बंद होईल.

वर आपणच म्हणतो, मुलं इथे येऊन बिघडली, लपवाछपवी करायला लागली. कुणी शिकवली? आजीला सांगू नकोस, मंडळात बोलू नकोस, तो फोटो टाकू नकोस, हे त्यांनी वीस वर्षं कोणाच्या तोंडून ऐकलं? इथल्या ऑफिसनं तिच्याकडून खरं लिहून घेतलं आणि लिहिल्यावर तिला एका शब्दानं बोललं नाही.

तुम्ही म्हणाल, ऑफिसला त्यांच्या शोची पर्वा, आईला मुलीच्या आयुष्याची. मान्य. आईनं विचारायचंच. पण मी काय विचारलं ते सांगते. तो कसा आहे, तुझ्याशी कसा वागतो, हे नाही. मी आधी जात विचारली. पहिल्याच वाक्यात. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मला वाटलं फोन कट झाला.

दोघं पुढच्या महिन्यात येतायत. बायोडेटा मी सगळ्या ग्रुपवरून काढलाय, कुणाकडे राहिला असेल तर कृपया डिलीट करा. आणि शोच्या तिकिटांसाठी मला मेसेज करू नका. प्रेक्षक म्हणून बसायला पैसे पडत नाहीत, शोच्या वेबसाइटवर नाव नोंदवा.